आजोबांना कुणी सांगितलं का?

४ मार्च

चि. चिमीस,

सर्वप्रथम तुझ्या बदकाविषयी.

तुझ्या ब्लॉगचं पान उघडलं की डाव्या कोपऱ्यातून एक पिवळं बदक डुलत डुलत येतं आणि घसा फाडून ओरडतं. ही सोय तू कधी केलीस, कुणाच्या सल्ल्याने केलीस आणि तिच्यामुळे कोणत्या बालकाचं संगोपन सुकर झालं, याचा लेखी खुलासा व्हावा. काल मी ते पान कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या खोलीत उघडलं. समोर विभागप्रमुख, शेजारी इतिहासवाले, आणि मधे संस्कृतवाला मी, ज्याने अर्धं आयुष्य त्या खोलीला गांभीर्याचा एकहाती पुरवठा केला आहे. बदक ओरडलं. इतिहासवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "सर, हे वैदिक की लौकिक?" आता त्या खोलीत माझं काही राहिलेलं नाही.

पण पान उघडायची वेळ माझ्यावर आलीच का, हा खरा मुद्दा. तुझं लिखाण मी पानावर कधी वाचत नाही. ते पानावर जायच्या आधी माझ्याकडे येतं. मुलांच्या वॉर्डातली नोकरी सोडून तू पहिल्या तीन वर्षांच्या संगोपनावर ब्लॉग काढलास, तेव्हा आपण दोघांनी मिळून घातलेली ही रीत. तू तिला दोन चाळण्या म्हणतेस. पहिली चाळण मी: भाषा, विरामचिन्हं, आणि तुझी ती 'बालकास कुशीवर निजविण्यात यावे' छापाची दवाखानी वाक्यं. दुसरी चाळण आईबाप: ज्याचं मूल लेखात आलं त्याने लेख आधी वाचायचा आणि हो म्हणायचं. नाही म्हटलं तर लेख कचऱ्यात, मग तो कितीही चांगला असो. या रीतीपायी मी दुपटी, दात, शी, घामोळं आणि अंगठा चोखणं या पाच शास्त्रांत पारंगत झालो, आणि कधी कुरकुर केली नाही. केली असेल, पण छंदोबद्ध केली.

या आठवड्यात तुझ्याकडून काही आलं नाही. म्हटलं, बाईसाहेब आजारी आहेत की काय. म्हणून पान उघडलं. आधी बदक आलं, आणि त्याच्या खाली लेख: 'हाताने ऐकणारं बाळ'.

त्यात एक आजोबा आहेत. बँकेतले निवृत्त अधिकारी. ते नातीला मांडीवर घेऊन पाढे म्हणतात. नात त्यांच्या गळ्यावर पंजा ठेवते आणि पाढे संपेपर्यंत जागची हलत नाही. आजोबा येईल त्याला सांगतात, पोर गणितात नाव काढणार. मग तू लिहितेस: 'आजोबांना ज्याचं कौतुक वाटतं, ते कदाचित लक्षण असेल. बाळाची पाठ असताना हाक मारून पाहा. जे बाळ हाकेला वळत नाही, पण बोलणाऱ्याच्या गळ्याला हात लावतं, ते आवाज कानाने नाही तर हाताने घेत असू शकतं. कान तपासून घ्या. वाट पाहू नका.'

चिमे, मी बँकेत कधी होतो?

नातवाची नात केलीस, शब्दरूपांचे पाढे केलेस, माझा बँकवाला केलास (हा अपमान वेगळा, त्याचा हिशोब नंतर), पण पंजा तेवढा जसाच्या तसा ठेवलास. मागच्या महिन्यात फोनवर मीच तुला सांगितलं होतं. आमचे पंडित दीड वर्षाच्या वयात मांडीवर बसून 'देवः देवौ देवाः' ऐकतात, गळ्यावर हात ठेवून, सगळ्या विभक्त्या, संबोधनासकट. तू म्हणालीस, "हो का रे, दादा?" मग थोडं थांबलीस आणि तुझ्या वहिनीच्या गुडघ्यांची चौकशी केलीस. मला वाटलं, तुला हेवा वाटला.

तू त्याच क्षणी ओळखलं होतंस. मला विचारायचं होतंस ते माझ्या बायकोचे गुडघे नव्हते.

लेखाखाली वाचकांच्या प्रतिक्रियांची रांग आहे. 'बिचारे आजोबा' म्हणून तिघींनी उसासे टाकलेत. एकीने विचारलंय, 'आजोबांना कुणी सांगितलं का?' त्याखाली तुझं उत्तर: 'अजून नाही.'

म्हणजे जे मला ठाऊक नव्हतं ते तुझ्या सगळ्या वाचकवर्गाला ठाऊक होतं, आणि मला ते ठाऊक नाही हेही त्यांना ठाऊक होतं. वरातीत नवरदेव सोडून सगळ्यांना मुलगी दाखवलीस तू.

तुझी भाची तुझा ब्लॉग न चुकता वाचते. रोज सकाळी कामावर जाताना लेकराला आमच्याकडे सोडते, आणि तेव्हाही तिच्या तोंडी 'आत्याने असं लिहिलंय' हेच असतं. तिने हे वाचलं तर? ज्या पंजाचं तिलाही कौतुक आहे, तो असा भर चौकात मांडलेला तिने पाहिला तर? लेख आज काढ. कारणं नंतर सांग.

तुझा, तूर्तास,
दादा


७ मार्च

चिमे,

तुझे फोन येताहेत आणि मी ते उचलत नाही, हे तुझ्या ध्यानात आलं असेलच. फोनवर तू मधे बोलतेस. तुझी ओळ मिळाली: 'दादा, रागावू नकोस, लेख काढता येणार नाही, का ते लिहून सांगण्यासारखं नाही, फोन उचल.' एवढं लिहिलंस ते वाचता आलं, तर पुढचंही आलं असतं. ज्या बाईने बाळाच्या शीच्या रंगांवर चार पानं लिहिली, तिला लिहून सांगण्यासारखं नाही असं या जगात काय उरलं असेल, याचं मला कुतूहल आहे.

बरं, लेखात दिलेली परीक्षा मी घेतली. तुझ्यावर विश्वास म्हणून नाही. तुला खोटं पाडायला.

पंडित खिडकीखाली सतरंजीवर लाकडी ठोकळे रचत होते. माझ्याकडे पाठ. मी दारातून हाक मारली. ठोकळ्यावर ठोकळा चढला. पुन्हा मारली, त्यांच्या लाडक्या नावाने. तिसरा ठोकळा. म्हटलं, विद्वान माणूस कामात असला की हाकेला ओ देत नाही. मीही देत नाही. तुझ्या वहिनीलाच विचार. मग मी स्वयंपाकघरातून मोठ्या पातेल्याचं झाकण आणलं आणि त्यांच्या मागे जमिनीवर सोडलं.

वळले! चिमे, ते गर्रकन वळले आणि हसले. मी तिथल्या तिथे तुला तीन शिव्या दिल्या, संस्कृतात, म्हणजे त्या शिव्या वाटणार नाहीत. तेवढ्यात तुझी वहिनी आतून आली. म्हणाली, "जमीन हादरली. मला तिकडे पायाला कळलं."

मग मी झाकण गादीवर धरून वर चमच्याने बडवलं.

पडलेले ठोकळे ते पुन्हा रचत होते. एकदम एकाग्र. मी बडवत राहिलो. शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "काय हो, भांडी विकायला काढलीत का?" त्यांना ऐकू गेलं.

तुझी वहिनी माझ्या हातातून चमचा काढून घेत म्हणाली, "पुरे आता." बस, एवढंच. ती घाबरली नाही, तिने तोंडावर हात नेला नाही, 'अहो, हे काय' म्हणून खाली बसली नाही. झाकण पुसलं आणि जागेवर ठेवलं. तेव्हा मला ते खटकलं, पण मी इतर गोष्टींत होतो.

तुझ्या त्या ओळीखाली तू आठवणही दिली होतीस की तुझा मागचा लेख, 'बाळ ऐकतंय का?', मीच तपासला होता. त्यात ही सगळी लक्षणं होती. तपासला होता. त्यातल्या विरामचिन्हांचा मला आजही अभिमान आहे.

आता माझा निर्णय ऐक. एक: या पत्राने मी पहिल्या चाळणीच्या पदाचा राजीनामा देत आहे. तुझी वाक्यं यापुढे तुझी तू निजव, कुशीवर किंवा पालथी. दोन: तुझी दुसरी चाळणही फाटली, हे तुझं तुला कळलं आहे का? 'ज्याचं मूल त्याचा होकार' हा तुझा नियम. त्या नियमावर तर लोक तुझ्याकडे आपली पोरं घेऊन येतात. मग माझ्या मुलीचा होकार कुठे आहे? तिला न विचारता तिचं मूल तू पानावर ठेवलंस, वर बदक नाचवलंस.

उद्या मी तिला सांगणार आहे. तुझ्या लेखातून कळण्याआधी बापाच्या तोंडून कळावं. कसं सांगायचं ते जुळवतो आहे. सुरुवात थोडी हलकी करावी, असा विचार आहे.

दादा


९ मार्च

चिमे,

सांगितलं.

ती संध्याकाळी लेकराला न्यायला आली. चष्म्याच्या दुकानातून थेट. दिवसभर लोकांच्या नजरा तपासून आली की तिचे स्वतःचे डोळे लाल झालेले असतात. लेकरू आत तिच्या आईपाशी होतं. मी तिला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, चहा पुढे ठेवला, आणि सुरुवात केली. हलकी सुरुवात म्हणून बदकाची गोष्ट सांगितली. वैदिक की लौकिक. ती हसली. नेहमीसारखी, मान मागे टाकून. मग मी म्हटलं, "बाळा, आत्याने एक लेख लिहिलाय. तू तो वाचू नकोस. म्हणजे वाच, पण आधी माझं ऐक."

तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "बाबा, मी वाचलाय."

"कधी?"

"छापायच्या आधी. आत्याने पाठवला होता."

"आणि तू हो म्हणालीस?"

"मीच म्हटलं तिला, लिही म्हणून."

मग एकेक बाहेर आलं. मी फोनवर पंजाची बढाई मारली, त्यानंतर तू तिला फोन केलास. ती म्हणाली, आत्या, मलाही केव्हापासून वाटतंय, पण तोंडातून काढायची हिंमत होत नाही. मग तुम्ही दोघींनी मिळून त्याला हाका मारून पाहिल्या, तू फोनवर आणि ती त्याच्या पाठीमागे. मग तिने नवऱ्याला सांगितलं. लिफ्टच्या तारांत हात घालणारा आमचा जावई, तो म्हणे जिन्यात बसून राहिला. मग तिने आईला सांगितलं. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखत असताना मी औषध आणून देत होतो त्या दिवसांत तिला हे माहीत होतं. झाकण तिने का पुसून ठेवलं ते मला आता कळलं. घरात एक मीच उरलो होतो, झाकणं बडवत.

"आणि तो बँकवाला?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"ती माझी कल्पना. तुमच्या कॉलेजातल्या लोकांनी ओळखू नये म्हणून. तुम्ही ओळखावं म्हणून तर पंजा ठेवला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, बाबा! तुम्ही आत्याचं सगळं वाचता. मला समोर बसून बोलता येईना. मी आत्याला म्हटलं, तू लिही, ते वाचतील, त्यांचं त्यांना कळेल, मग तेच मला विचारतील. आत्या नको म्हणत होती. म्हणाली, दादाला हे तपासायला पाठवायला माझा हात धजणार नाही. म्हणून तिने तसंच टाकलं."

चिमे, म्हणजे चाळण फाटली नव्हती. तुझी दुसरी चाळण शाबूत होती, जिचं मूल तिचा होकार घेतला होतास. पहिलीच तेवढी काढून ठेवलीस. आणि माझ्या घरातली बातमी मला माझ्या घरात नाही, तुझ्या वाचकांच्या रांगेत उभं राहून मिळाली, आधीच्या उसाशांच्या मागे.

मी तिला विचारलं, "समोर बसून बोलता येईना म्हणजे? मी काय वाघ आहे?"

ती म्हणाली, "वाघ असतात तर सांगितलं असतं. तुम्ही काहीतरी बोलला असता, बाबा. काहीतरी छान. मला हसू आलं असतं, मी हसले असते, आणि मग ते बोलणं तिथेच संपलं असतं. माझे आजोबा गेले तेव्हा असंच झालं. माझी पहिली नोकरी गेली तेव्हाही. तुमच्यापाशी येऊन मी दर वेळी हसून परत जाते. रडायला मला दुसरीकडे जावं लागतं."

"कुठे?"

"आत्याकडे."

मी यावर काय म्हटलं ते तुला सांगत नाही. बरं काही नव्हतं, आणि ती हसलीसुद्धा. सवयीने. तेवढ्यात लेकरू धावत आलं आणि तिच्या पायांना बिलगलं. ती त्याला घेऊन गेली. जिन्यावरून ती त्याच्याशी बोलत गेली, नेहमीसारखी, आणि मला पहिल्यांदा प्रश्न पडला की ती हे बोलणं कुणासाठी करते आहे.

तू तिला रडायला जागा दिलीस, ते चांगलंच केलंस. पण मला तुझ्यावर भयंकर राग आहे. तू माझी बहीण आहेस. लहानपणी तुला ताप आला की मला आधी कळायचं, आईच्याही आधी, आणि मी ते तुला विनोद करून सांगायचो नाही. तुला माहीत होतं की मला असंही बोलता येतं. तिला नसेल माहीत. तुला माहीत होतं. तू तिला म्हणू शकली असतीस, 'अगं, दादाला सांगून तर बघ.' तू नाही म्हणालीस. तू लेख लिहायला बसलीस.

दादा


१३ मार्च

चिमे,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. फोनही उचलला असता, पण तेव्हा मी खरंच वर्गात होतो.

तू लिहितेस, 'मी तिला म्हटलं होतं, दादा. दोनदा म्हटलं. ती म्हणाली, आत्या, तुझा दादा आणि माझे बाबा ही दोन वेगळी माणसं आहेत.' हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

लेख राहू दे. खाली एका बाईने लिहिलंय की हे वाचून तिने आपल्या मुलीला नेलं आणि मुलीच्या एका कानात दोष निघाला. त्यांना आता मार्ग दिसतोय. अशा वेळी माझ्या मानापमानाला काय किंमत. फक्त त्या 'अजून नाही'च्या खाली 'आता सांगितलं' एवढं लिही. लोक ताटकळले असतील. आणि मी तुला माफ केलेलं नाही, हेही स्पष्ट असू दे. राजीनामाही मागे घेतलेला नाही. नवीन लेखात 'स्तनपान देण्यात यावे' असं दोन ठिकाणी आहे, ते मी पाहिलं, आणि मुकाट्याने सोसलं.

तपासणी मंगळवारी आहे. तुला ठाऊक असणारच. मला तुझ्या वहिनीकडून कळलं. त्याला झोपवून कपाळाला आणि कानामागे तारा लावतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रावर पाहतात, हे तुझ्या जुन्या लेखात आहे. तो मी परवा नीट वाचला, या वेळी स्वल्पविराम सोडून. काही दुखत नाही म्हणतेस. त्याला सकाळी लवकर उठवून जागं ठेवायचं, म्हणजे तिथे झोपेल. ती आणि जावई जाणार आहेत. तुझी वहिनी जाणार आहे, कारण तो तिच्या खांद्यावर पटकन झोपतो. मला कुणी ये म्हटलेलं नाही. येऊ नका असंही कुणी म्हटलेलं नाही. त्या दिवसाचे तास मी इतिहासवाल्यांना देऊन टाकले आहेत. त्यांनी कारण विचारलं, तर मी खरं तेच सांगितलं, आणि ते पाणी प्यायला बाहेर गेले.

ऐकू येत नसेल तर यंत्र आहे, शिकवणाऱ्या बाया आहेत, हातांनी बोलायची एक पूर्ण भाषा आहे. या वयात मी नवी भाषा शिकेन. माझं तेवढंच एक बळ आहे. त्याची काळजी मला आहे, पण त्या काळजीचं काय करायचं ते मला दिसतं. उठायचं आणि करायचं.

दुसऱ्या काळजीचं दिसत नाही. मंगळवारी ते परत येतील. मी दारात उभा असेन. ती माझ्याकडे बघून म्हणेल, "सगळं ठीक आहे, बाबा." तसंच म्हणेल, निकाल काहीही असो. आणि ती खरं बोलते आहे की मला सांभाळून घेते आहे, हे मला तिच्या तोंडाकडे बघून ओळखता येणार नाही. मला याचीच भीती वाटते, चिमे.

दादा